आंधळ्या डॉकची गिटार

गाणं हवेत निघून जातं. गाणारा थांबला की गाणं संपलं. पूर्वी ज्याला गाणं ऐकायचं असेल, त्याला गाणाऱ्याच्या दारी जावं लागे. पण १८७७ साली अमेरिकेत एडिसन या गृहस्थाने आवाज धरून ठेवण्याचे यंत्र काढले. तेव्हापासून गाणं डबीत घालून ठेवावं तसं ठेवता येऊ लागलं. गाणारा मेला तरी गाणं मागे राहू लागलं.

या युक्तीमुळे एका डोंगराळ खेड्यातल्या आंधळ्या मुलाचं आयुष्य कसं पालटलं, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत. त्याचे नाव डॉक वॉटसन. तो अमेरिकेचा. गिटार वाजवी आणि गाई.

गिटार, कंट्री आणि गॉस्पेल

आधी तीन शब्द समजून घेऊ.

गिटार हे सहा तारांचे वाद्य आहे. लाकडाची पोकळ पेटी, तिला लांब दांडी, आणि दांडीवरून ताणलेल्या तारा. डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबायची, उजव्या हाताने छेडायची. कुणी बोटांनी छेडतात, तर कुणी नखीने. नखी म्हणजे चिमटीत धरायचा लहानसा चपटा तुकडा.

कंट्री म्हणजे गावाकडचे. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले शेतकरी, खाणकामगार, लाकूडतोडे जी गाणी म्हणत, त्यांतून कंट्री संगीत निघाले. त्यात शेत आहे, रेल्वे आहे, प्रेम आहे, मरणही आहे.

गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती लोकांची भजने. आपल्याकडे रात्री देवळात जशी भजनाला मंडळी जमतात, तशी त्यांची मंडळी रविवारी चर्चमध्ये जमतात आणि एकत्र गातात.

डॉक वॉटसनने ही दोन्ही प्रकारची गाणी जन्मभर गायिली.

बापाने करवत हाती दिली

अमेरिकेच्या पूर्व भागात अपॅलेचियन नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत नॉर्थ कॅरोलिना या राज्याचा काही भाग येतो. तेथे डीप गॅप नावाच्या वस्तीजवळ ३ मार्च १९२३ रोजी या मुलाचा जन्म झाला. आईबापांनी नाव ठेवले आर्थेल. घर गरीब. भावंडे नऊ. मूल वर्षाचे व्हायच्या आतच त्याच्या डोळ्यांना रोग झाला आणि दृष्टी गेली ती कायमची.

आता आंधळ्या मुलाचे काय करायचे? आम्ही कित्येक घरांत पाहिले आहे. अशा मुलाला ओसरीच्या कोपऱ्यात बसवतात. त्याला हातात ताट देतात, पण हाताला काम देत नाहीत. ‘तुला दिसत नाही बाबा, तू बस,’ असं म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. पण मूल मोठं होतं ते बसूनच.

आर्थेलच्या बापाने असे केले नाही. मुलगा चौदा वर्षांचा झाला, तेव्हा बापाने त्याला लाकूड कापायच्या कामाला लावले. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत असते ना, तिचे एक टोक मुलाच्या हाती दिले. अशा करवतीला डोळ्यांपेक्षा ताल जास्त लागतो. समोरच्याने ओढली की आपण सैल सोडायची, मग आपण ओढायची. मुलाला ते जमले. पुढे तो जगभर नावाजला, तरी सांगत असे की, आंधळा म्हणजे निकामी नव्हे, हे आपल्याला बापाने शिकवले.

घरातली गाणी, तबकडीची गाणी

बाप चर्चमध्ये भजने सांगत असे. तो पुढे म्हणे, बाकीचे मागून म्हणत. आईही घरात काम करता करता गाई. त्यामुळे लहानपणापासून मुलाच्या कानावर भजने पडत होती. तोंडाने वाजवायचा बाजा हे त्याचे पहिले वाद्य. अकरा वर्षांचा असताना बापाने त्याला स्वतः बॅंजो करून दिला. बॅंजो हे लांब दांडीचे, चामडे मढवलेले तंतुवाद्य. विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा आजीचे एक म्हातारे मांजर होते, त्याचे कातडे त्या बॅंजोवर चढवले.

घरात आणखी एक नवल आले होते. चावी देऊन चालवायचा ग्रामोफोन, आणि त्याबरोबर काही तबकड्या.

ग्रामोफोन चालतो कसा? आवाज म्हणजे हवेचा थरथराट. ढोलावर हात ठेवून पाहा, कातडे थरथरताना कळेल. गाणे भरताना गाणाऱ्याच्या आवाजाने एक सुई थरथरते. ती फिरत्या तबकडीवर बारीक चर कोरीत जाते. थरथर जशी, तसा चर वळणावळणाचा. मग त्या चराच्या ठशावरून हजारो तबकड्या काढतात. घरी आपण तबकडी फिरवली की ग्रामोफोनची सुई त्याच चरातून जाते, तशीच थरथरते, आणि तोच आवाज बाहेर पडतो. जुनी तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरे. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे एक गाणे मावे.

त्या तबकड्यांवर कार्टर कुटुंबाची गाणी होती. जिमी रॉजर्सची गाणी होती. ही माणसे आर्थेलने कधी पाहिली नव्हती. पण त्यांचा हात तारेवर कसा पडतो, ते तो कानाने टिपून घेई. डोळस माणूस गुरूच्या बोटांकडे पाहून शिकतो. या मुलाला तबकडी हीच शाळा झाली. एक ओळ ऐकायची, सुई उचलायची, परत ठेवायची. तबकडी कंटाळत नाही, आणि ‘पुन्हा पुन्हा काय विचारतोस?’ म्हणून रागावतही नाही.

दहाव्या वर्षी त्याला राले शहरात आंधळ्यांच्या शाळेत घातले होते. तेथे एका सोबत्याने त्याला गिटारवर थोडेसे दाखवले. तेरा वर्षांचा असताना घरात कुणाची तरी गिटार आली होती. मुलगा ती चाचपडत होता. बाप कामाला निघाला होता. जाता जाता तो म्हणाला की, मी परत येईपर्यंत एक गाणे बसवलेस, तर तुला गिटार घेऊन देईन. संध्याकाळी बाप आला, तर मुलगा कार्टर कुटुंबाचे एक गाणे वाजवून म्हणत होता! बापाने शब्द पाळला. बारा डॉलरची गिटार आणली.

दुसरी गिटार मुलाने स्वतःच्या घामाची घेतली. त्या काळी तिकडच्या रानांत चेस्टनट नावाच्या झाडांना रोग लागून झाडे उभी वाळत होती. चेस्टनटच्या लाकडातला अर्क कातडी कमवायला लागे. आपल्याकडे बाभळीची साल वापरतात, तसेच ते. आर्थेल आणि त्याचा भाऊ यांनी शेताच्या कडेची वाळकी झाडे तोडून कारखान्याला विकली. भावाने आपल्या पैशांतून कपडे घेतले. आर्थेलने गिटार मागवली.

‘डॉक’ हे नाव

पुढे आर्थेल गावोगाव रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वाजवू लागला. लोक नाणी टाकीत. एकदा रेडिओसाठी एके ठिकाणी गाण्याचा कार्यक्रम चालला होता. निवेदकाला आर्थेल हे नाव अवघड वाटले. सोपे नाव काय सांगावे, असा विचार चालला असता गर्दीतून कुणीतरी ओरडले, ‘डॉक म्हणा!’ शेरलॉक होम्सच्या गोष्टींत डॉक्टर वॉटसन म्हणून एक पात्र आहे. आडनाव तेच. झाले! त्या दिवसापासून आर्थेलचा डॉक झाला. आम्हीही आता त्यांना डॉक म्हणू.

१९४७ साली डॉकचे लग्न झाले. बायकोचे नाव रोझा ली. तिचे वडील व्हायोलिन वाजवीत. १९४९ साली मुलगा झाला, त्याचे नाव मर्ल. नंतर एक मुलगी झाली. आता घर चालवायचे होते. डॉक लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून देत. तो धंदा कानाचाच. पण त्यात भागेना. सरकारकडून आंधळ्यांना मिळणारी मदत घ्यावी लागे. हे डॉकच्या मनाला लागे.

व्हायोलिनची गत गिटारवर

१९५३ च्या सुमारास डॉक एका नाचगाण्याच्या संचात वाजवू लागले. तेथे विजेची गिटार लागे. लोक तेथे जुने गावठी नाच नाचत. त्या नाचांना व्हायोलिन लागते. पण संचात बहुतेक वेळा व्हायोलिनवालाच नसे! मग करायचे काय? डॉकनी व्हायोलिनच्या भराभर पळणाऱ्या गती गिटारवर बसवायला सुरुवात केली.

हे सोपे नव्हते. व्हायोलिनचा गज एकदा ओढला की त्यात चारसहा सूर निघतात. गिटारवर एकेका सुराला एकेक टोला मारावा लागतो. म्हणून अशा गाण्यांत गिटार बहुतेक मागे राहून ठेका धरी, आणि व्हायोलिन पुढे धावे. डॉकनी नखी खालीवर, खालीवर अशी चालवून तोच वेग गिटारला आणला. एकही सूर अडखळत नसे. नड होती म्हणून ही कला हाताला आली. पुढे हीच त्यांची ओळख झाली, आणि कित्येक तरुणांनी ती त्यांच्या तबकड्यांवरून उचलली.

पाहुणे ध्वनिफीत घेऊन आले

१९६० साल. डॉक सदतीस वर्षांचे झाले होते. बाहेरच्या जगाला त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

त्या वेळी शहरातल्या काही जाणत्या तरुणांना वाटू लागले की, खेड्यातली जुनी गाणी म्हाताऱ्यांबरोबर मरून जातील. ती आधीच भरून ठेवली पाहिजेत. त्यांच्यात राल्फ रिन्झलर नावाचा तरुण होता. क्लॅरन्स ॲशली नावाच्या जुन्या गवयाची गाणी भरून घ्यायला तो सोबत्याला घेऊन डोंगरात आला. ॲशलींनी साथीला डॉकना बोलावले.

डॉक आले ते विजेची गिटार घेऊन. रिन्झलरला ती नको होती. त्याला जुनी गाणी जुन्या वाद्यांवर हवी होती. डॉक म्हणाले, माझा हात या गिटारीवर बसला आहे, दुसऱ्याची मी वाजवणार नाही. गोष्ट तेथेच अडली.

दुसऱ्या दिवशी सगळे एका ट्रकमधून चालले होते. रिन्झलर मागे उघड्यावर बसून बॅंजो वाजवीत होता. डॉकनी तो ऐकला. ते मागे येऊन बसले आणि बॅंजो हातात मागून घेतला. मग जे वाजवले, ते ऐकून रिन्झलर थक्क झाला. हा माणूस नाचाच्या संचातला साधा वाजवणारा नव्हे, याच्या पोटात जुन्या गाण्यांचे भांडार आहे, हे त्याला कळले. मग डॉकनी साधी गिटार हाती घेतली.

ही गाणी ध्वनिफितीवर भरली गेली. ध्वनिफीत म्हणजे लांब पट्टी. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी बारीक पूड बसवलेली असते. यंत्रातल्या चुंबकाने आवाजाची खूण त्या पुडीवर उमटते. हे यंत्र पेटीत घालून कुठेही नेता येई. पूर्वी गवयाला शहरात न्यावे लागे. आता यंत्रच गवयाच्या घरी आले. या बदलामुळे डॉकसारखी माणसे जगाला कळली. १९६१ साली ती तबकडी निघाली. तिच्यावर नाव ॲशलींचे होते, पण ऐकणाऱ्यांनी विचारले, हा गिटारवाला कोण?

डॉकना न्यूयॉर्कचे बोलावणे आले. आधी ॲशलींच्या मंडळींबरोबर गेले, नंतर एकटे जाऊ लागले. आंधळा माणूस, हातात गिटारीची पेटी, शेकडो मैल बसचा प्रवास, मधेच गाडी बदलायची. परक्या शहरात कुणी वेळेवर न्यायला आले नाही, तर काय? तरी गेले. घरी बायकोमुले होती. त्यांना आपल्या कमाईचे खाऊ घालायचे होते.

१९६३ साली न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत मेळ्यात ते गायले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९६४ साली व्हॅनगार्ड कंपनीने त्यांच्या एकट्याची पहिली तबकडी काढली. तोवर लांब वाजणाऱ्या तबकड्या निघाल्या होत्या. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, आणि एका बाजूला वीसेक मिनिटांचे गाणे. आता सरकारी मदतीची गरज उरली नाही.

बाप आणि लेक

डॉक बाहेर गेले असताना मर्लने आईकडून गिटार शिकायला सुरुवात केली. बाप घरी आला तर मुलाचा हात चालू लागलेला! १९६४ साली पंधरा वर्षांचा मर्ल बापाबरोबर व्यासपीठावर बसला. तेव्हापासून वीस वर्षे दोघे बरोबर हिंडले. मर्ल गाडी हाकी, हिशेब पाही, आणि रात्री बापाशेजारी बसून गिटार वाजवी. दोघांच्या अनेक तबकड्या निघाल्या. अमेरिकेत उत्तम ध्वनिमुद्रणाला दरवर्षी ग्रॅमी नावाचे बक्षीस देतात. १९७३ सालच्या ‘देन अँड नाऊ’ या तबकडीला ते मिळाले. पुढच्या वर्षीच्या तबकडीलाही मिळाले.

१९७१ साली नॅशव्हिल शहरात एक मोठे काम झाले. एका तरुण संचाने जुन्या नामवंत कलावंतांना एकत्र बोलावले आणि तीन तबकड्यांचा संच भरला. तो १९७२ साली निघाला. त्यात डॉक होते. आणि कार्टर कुटुंबातल्या मेबेल कार्टर याही होत्या. चावीच्या ग्रामोफोनवर ज्यांची गिटार लहानपणी ऐकली, त्यांच्याबरोबर डॉक आता एकाच तबकडीवर आले. मर्ल ट्रॅव्हिस नावाचे गिटारवादक डॉकना तेथे पहिल्यांदाच भेटले. डॉकनी त्यांच्यावरूनच आपल्या मुलाचे नाव ठेवले होते. त्या दोघांचे बोलणे चालले असता यंत्र चालूच होते. ते बोलणेही तबकडीत आले आहे.

घाव

२३ ऑक्टोबर १९८५ रोजी मर्ल डोंगराच्या उतारावर ट्रॅक्टर उलटून मरण पावला. वय छत्तीस.

उतारावर ट्रॅक्टर चालवणे किती धोक्याचे, हे आपल्यातल्या शेतकरी बंधूंना सांगायला नको.

डॉक खचले. मुलगा गेला, साथीदार गेला, आणि वाट दाखवणारे डोळेही गेले. आता गाणे सोडायचे, असे त्यांनी ठरवले. पण त्या रात्री त्यांना स्वप्न पडले, असे ते पुढे सांगत. स्वप्नात ते फार बिकट जागी अडकले होते. मर्लचा हात आला आणि त्याने त्यांना ओढून वर काढले. डॉकनी गिटार पुन्हा उचलली.

१९८६ साली बापलेकांची शेवटची तबकडी निघाली, तिला ग्रॅमी मिळाले. १९९० साली डॉकनी ‘ऑन प्रेइंग ग्राउंड’ ही सगळ्या भजनांची तबकडी केली. बाप चर्चमध्ये सांगत असे, त्याच जातीची भजने. तिलाही ग्रॅमी मिळाले. सगळी मिळून सात ग्रॅमी झाली. शिवाय २००४ साली जन्मभरच्या कामाबद्दल खास गौरव झाला. १९९७ साली अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते कलेचे राष्ट्रीय पदक मिळाले.

मर्लच्या आठवणीसाठी १९८८ साली विल्क्सबरो येथील महाविद्यालयात संगीताचा मेळा भरवला. त्यातून बागेसाठी पैसा उभा करायचा होता. ही बाग आंधळ्यांसाठी. तेथे फुले वासाने ओळखायची, पाने हाताने चाचपायची. मेळ्याला मर्लचेच नाव दिले. पहिला मेळा लहान होता. पुढे तो दरवर्षी भरू लागला आणि हजारो लोक येऊ लागले.

साधा माणूस

इतके नाव झाले, तरी डॉक डीप गॅप सोडून गेले नाहीत. बून गावात ज्या कोपऱ्यावर उभे राहून ते तरुणपणी नाण्यांसाठी वाजवीत, तेथे २०११ साली गावकऱ्यांनी त्यांचा पुतळा बसवला. पुतळा बाकावर बसलेला आहे, हातात गिटार आहे. शेजारी कुणीही जाऊन बसावे. त्यावर मोठमोठ्या पदव्या लिहू नका, असे डॉकनी सांगितले. ‘लोकांतलाच एक’ अशा अर्थाचे शब्द तेथे लिहिले आहेत.

२९ मे २०१२ रोजी डॉक वॉटसन वारले. वय एकोणनव्वद.

हल्ली तबकडीची गरज उरली नाही. मोबाईलवर गाणे ऐकता येते. कुणाच्या हाती तो असेल, तर डॉक वॉटसनचे गाणे एकदा अवश्य ऐका. शब्द कळणार नाहीत. पण भराभर चालणारी गिटार कळेल, आणि सावकाश, मोकळा आवाज कळेल. करवतीचा ताल धरायला शिकलेला तो हात आहे.

आणि तुमच्या आळीत एखादे आंधळे मूल कोपऱ्यात बसलेले असेल, तर त्याला आजच काहीतरी काम सांगा. दावे वळायला द्या, शेंगा सोलायला द्या, टाळ वाजवायला द्या. चुकेल तर चुकू द्या. त्याच्या हाताला काय येते, ते काम दिल्यावाचून कुणालाच कळायचे नाही.